शालिनीताई आणि गप्प करणाऱ्या गोळ्या

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत शालिनीताई आढावांना फसवून दाखवेल असा दूधवाला अजून जन्माला यायचा होता. दूध आलं की त्या आधी बोट बुडवायच्या, मग नखावर थेंब घेऊन तो ओघळतो कसा ते बघायच्या, आणि सगळं ठीक निघालं की त्यांचा संशय दुप्पट व्हायचा. "आज इतना अच्छा कैसे लाया रे? बात क्या है?" दूधवाला बिचारा कपाळाला हात लावायचा. शेजारच्या लीलाताई म्हणायच्या, "शालिनीताई, तुम्ही स्वर्गात गेलात तरी दारावरच्या देवदूताची आधी पूछताछ कराल." यात टोमणा आहे असं शालिनीताईंना कधी वाटलंच नाही. "करणारच," त्या म्हणायच्या. "पंख लावून कोणीही उभं राहील, आपल्याला काय माहीत!"

आता हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. त्यांचं माहेर नगरकडचं, राहुरीच्या बाजूचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, पगार बेताचा, म्हणून आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. घरात तान्हा भाऊ, आणि तो असा किरकिरा की शेजारपाजार हैराण. मग एका म्हातारीनं आईला बाळगोळी दिली. अफूच ती, त्या काळी घरोघर देत. भाऊ गप्प झाला. आईनं म्हातारीला आशीर्वाद दिले आणि खुरपं घेऊन गेली. पाळण्याची दोरी शालिनीच्या हातात. तिनं झोके दिले, गाणं म्हटलं, दुपार झाली तरी भाऊ उठेना, तेव्हा तिला वाटलं, किती शहाणं झालं आमचं बाळ! आई परत आली तोवर बाळ थंड पडलेलं होतं. त्या दिवसापासून शालिनीताईंना एक गोष्ट पक्की माहीत झाली, की गप्प झालेलं लेकरू बरं झालेलं असतंच असं नाही.

लग्न होऊन त्या ग्वाल्हेरला आल्या त्या मधुसूदनराव आढावांच्या घरी. हे घराणंही नगरकडचंच, पण सासरे तरुणपणीच संस्थानच्या नोकरीत आलेले. मधुसूदनराव इथंच वाढले, शहरातल्या लष्कर भागाच्या गल्ल्यांत हिंदी शिकले, आणि पुढे मोतीमहालातल्या कचेरीत कारकून झाले. कचेरीत ते 'आढावबाबू'. मुरारच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. उपासना हिंदीत असायची, पण शहरातली चार मराठी ख्रिस्ती घरं दर आठवड्याला कुणाच्या तरी बैठकीत जमून मराठीत प्रार्थना करायची, आणि तिथंही पेटी त्यांचीच. मूल झालं नाही. ती जागा दोघांनी भांडणानं भरून काढली होती म्हणा ना! वरणात मीठ कमी पडलं की मधुसूदनराव ताट सरकवायचे. "हे वरण आहे की विहिरीचं पाणी?" मग शालिनीताई म्हणायच्या, "विहीर तुमच्या वडिलांनी खणली होती का?" अर्धा तास असा जायचा, आणि मग दोघं त्याच वरणात मीठ घालून पोटभर जेवायचे. क्रूसावरच्या दुःखाचं एक जुनं मराठी गीत होतं, ते वाजवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दर वेळी, न चुकता. शालिनीताई तेव्हा बाकावरून त्यांच्याकडेच बघत असायच्या. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी जन्मात कधी संशय घेतला नव्हता.

संस्थान मध्यभारत प्रांतात विलीन झालं तेव्हा मधुसूदनरावांनी निभावलं. मोहर बदलली, वरचे साहेब बदलले, कागद तेच राहिले. पण आठेक वर्षांनी मध्यभारतच मोडला, नवा प्रांत झाला आणि राजधानी गेली भोपाळला. मग मोतीमहालात जिकडे बघावं तिकडे सुतळीनं बांधलेले गठ्ठे. कोण जाणार, कोण राहणार, कोणाची जागाच उडणार, रोज नवी अफवा. मधुसूदनराव घरी आले की जेवता जेवता उठायचे. झोप नाही. भर थंडीत घाम यायचा. कधी छातीवर हात दाबून ओसरीत बसून राहायचे. शालिनीताईंनी आधी त्यांचा सदरा हुंगला. दारू नव्हती. मग कचेरीतल्या नव्या टायपिस्ट बाईची चौकशी केली. ती निघाली पन्नाशी उलटलेली, नातवंडांची आजी. संशयाला जागाच उरली नाही, आणि याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"होतंय काय तुम्हाला?" त्या विचारायच्या.

"काही नाही गं. फाइलींचा लोड आहे."

मग एके दिवशी मधुसूदनराव कुणाला न सांगता इंदरगंजला डॉक्टर सप्र्यांकडे जाऊन आले आणि तपकिरी बाटली घेऊन आले. मनाला स्वस्थता देणाऱ्या नव्या गोळ्या आहेत म्हणाले, मोठ्या शहरांत सगळे घेतात. आणि खरंच, हां हां म्हणता फरक पडला. झोपायला लागले. घाम थांबला. आठवडाभर शालिनीताईंनी देवाचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की घरात भांडण झालेलं नाही.

त्यांनी वरणात मीठ कमी घातलं. मधुसूदनराव जेवले. दुसऱ्या दिवशी मीठ घातलंच नाही. जेवले. तिसऱ्या दिवशी मूठभर घातलं, असं की त्यांना स्वतःला घास गिळवेना. मधुसूदनरावांनी ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि म्हणाले, "चांगलं झालंय."

शालिनीताई तशाच पातेल्यापाशी बसून राहिल्या. इतक्या वर्षांनी पाळण्याची दोरी पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं त्यांना.

मग त्या डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. पेटीवर सूर बरोबर पडायचे, पण ते दुःखाचं गीत आलं तेव्हा डोळे कोरडे होते. लीलाताईंच्या सासूबाई वारल्या, तर हे "अच्छा" म्हणून पेपर वाचत बसले. भोपाळच्या यादीत आपलं नाव आल्याचं त्यांनी असं सांगितलं, जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची आहे. जन्म गेला त्या गावात, आणि गाव सोडायचं तर तोंडावरची रेषा हलू नये? हा माणूस आपला नव्हेच, असं शालिनीताईंना वाटू लागलं. माणूस त्या बाटलीत होता आणि घरात नुसता सदरा वावरत होता.

बरं, एवढी शंका होती तर सरळ डॉक्टरकडे जाऊन विचारावं की नाही? छे! दूधवाल्याला दहा प्रश्न विचारणारी ही बाई डॉक्टरला एक विचारायला गेली नाही. सप्र्यांचा तिला भारी संशय. घराणं दरबारातलं, बोलणं साखरेतलं, आणि गोळ्यांच्या काचेच्या कपाटाला कुलूप. "चांगली चीज असेल तर कुलूप कशाला?" असं ती लीलाताईंना विचारी. लीलाताई काय सांगणार! डॉक्टर सोडून तिनं सगळ्यांना विचारलं, आणि शेवटी विचारलं शिवाजीराव साळव्यांना.

शिवाजीराव म्हणजे चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, मराठी घरांचे पुढारी. आवाज खणखणीत, उत्तर नेहमी तयार. "शालिनीताई," ते म्हणाले, "ज्याचा प्रभूवर भाव आहे त्याला मन शांत करायला गोळी कशाला लागते? ही उसनी शांती. ती देवाची जागा खाते." शालिनीताईंना हे एकदम पटलं. पटणारच, त्यांच्याच मनातलं होतं ते. वर्षभरापूर्वी याच प्रार्थनेच्या बैठकीत सुनंदा नावाची नवी लग्न झालेली मुलगी रडत म्हणाली होती, की मला उगाचच भीती वाटते, छाती धरून येते, माझ्यासाठी प्रार्थना करा. तेव्हा शालिनीताईंनीच तिला सर्वांसमोर सांगितलं होतं, "बाई गं, भीती आणि विश्वास एका घरात नांदत नाहीत. एकीला बाहेर काढ." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सुनंदा त्यानंतर बैठकीत कधी काही बोलली नाही. मधुसूदनराव त्या दिवशी पेटीवर होते.

आता या मराठी घरांची एक रीत होती. मुरारच्या चर्चशी तिचा संबंध नाही, ह्यांची आपली घरची. राखेच्या बुधवारी, चाळीस दिवसांचा उपास लागतो त्या दिवशी, सगळे एका घरी जमायचे. मध्ये एक वेताची टोपली. एकेका घराची बाई उठायची, आमचं घर या उपासात अमुक सोडतंय असं म्हणायची आणि ती वस्तू टोपलीत ठेवायची. चहाची पुडी, तंबाखूची चंची, पत्त्यांचा जोड. टोपली मग शिवाजीरावांच्या कपाटात, ती थेट पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, उघडायची. एकदा टोपलीत पडलं ते मागायचं नाही, मागितलं तर मंडळीत मान खाली. तंबाखूवाले त्या दिवसांत अशा जांभया द्यायचे की बघवत नसे, पण मोडत कोणी नव्हतं.

त्या वर्षी शालिनीताई उठल्या. पदराखालून तपकिरी बाटली काढली. "आमचं घर ह्या गोळ्या सोडतंय," त्या म्हणाल्या, आणि बाटली चहाच्या पुड्यांवर ठेवली.

मधुसूदनरावांनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मान हलवली. "आमेन," शिवाजीराव गरजले.

अहो, ज्या माणसानं अळणी वरणाला चांगलं म्हटलं, त्याच्या होकाराला काय किंमत? पण जगाला चाळणीतून गाळणाऱ्या या बाईला तेवढं त्या दिवशी सुचलं नाही. दोघांवर संशय घ्यायचा तिचा राहूनच गेला होता, एक शिवाजीरावांवर आणि दुसरा स्वतःवर.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुसूदनराव चहावर खेकसले. "हा चहा आहे की काढा?" शालिनीताईंना असा आनंद झाला की विचारू नका! त्यांनी मुद्दाम उलट उत्तर दिलं, भांडण वाढवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. माणूस परत आला होता. पण संध्याकाळी मधुसूदनरावांच्या हाताला कापरं भरलं. रात्र तळमळण्यात गेली. शनिवारी सदऱ्याची बटणं त्यांना लावता येईनात. कुठं भांडं आपटलं तर दचकून उभे राहायचे, घामानं बनियन भिजून जायचं.

"शालू," ते म्हणाले, "ती गोळी... अर्धी तरी..."

"सोसा थोडं," शालिनीताई म्हणाल्या. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, गोष्ट शालिनीताईंना पाठ होती. येशूच्या शब्दानं दुष्ट आत्मा एका मुलातून निघाला तेव्हा त्यानं निघता निघता मुलाला पिळून काढलं, जमिनीवर आपटलं, लोक म्हणाले मेला. आणि मग तो मुलगा उठून उभा राहिला. तसंच हे. जे आत बसलं होतं ते निघताना धिंगाणा घालणारच. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली. हाताखालचं कपाळ थरथरत होतं आणि त्यांना वाटत होतं, निघालं, निघालं, आता थोडंच राहिलं.

रविवारी मधुसूदनराव हट्टानं पेटीवर बसले. पहिलं गीत कसंबसं पार पडलं. दुसऱ्याच्या मध्यावर सूर एकदम चिरकला, मान मागे गेली, आणि माणूस पेटीसकट खाली आला. अंगाला झटक्यावर झटके, तोंडाला फेस. भात्यातली हवा निघत होती, तिचा लांबच लांब आवाज सबंध चर्चमध्ये भरून राहिला. काही जण मोठ्यानं प्रार्थना करू लागले. शालिनीताई धावल्या, आणि जवळ गेल्यावर हात पुढे होईनात. ती सुनंदा मात्र गर्दीतून आली, फरशीवर बसली, त्यांना कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपली शाल सारली.

टांग्यात घालून त्यांना इंदरगंजला आणलं. झटके थांबले होते, पण शुद्ध नव्हती. शिवाजीराव समोर बसले होते. रस्त्यात ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, डॉक्टरला उपासाचंच सांगू. पोटात काही नव्हतं, चक्कर आली. गोळ्यांचं कशाला? उद्या शहरभर होईल, ख्रिस्ती लोक आजाऱ्याचं औषध काढून घेतात म्हणून. मंडळीच्या नावाचा प्रश्न आहे." शालिनीताईंनी मान हलवली. अगदी तशीच, जशी नवऱ्यानं बुधवारी हलवली होती.

डॉक्टर सप्रे दवाखान्याच्या वरच राहायचे, रविवार असून धावत खाली आले. डोळ्यांच्या पापण्या उघडून बघितल्या, नाडी धरली.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत ना यांच्या?"

"चालू आहेत, चालू आहेत," शिवाजीराव म्हणाले. "उपासाचा अशक्तपणा आहे, डॉक्टरसाहेब. कालपासून अन्न नाही."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले आणि ग्लुकोजची बाटली काढायला कपाटाकडे वळले.

शालिनीताईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते बाकावर निपचित पडले होते. एक हात खाली लोंबत होता. चेहरा शांत होता, शहाण्या बाळासारखा. त्या ओरडल्याच.

"खोटं आहे! गोळ्या बंद आहेत. बुधवारपासून बंद आहेत. मी बंद केल्या!"

डॉक्टर जागच्या जागी फिरले. तेवढ्यात मधुसूदनरावांना दुसरा झटका आला. मग काय धावपळ झाली ती झाली. इंजेक्शन दिलं, हातपाय धरले, आणि बऱ्याच वेळानं झटका ओसरला. डॉक्टर घाम पुसत स्टुलावर बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तर मी ग्लुकोज लावून बसलो असतो, आणि हे माझ्या हातातून गेले असते. हे औषध महिनोन्महिने घेतलं की शरीर त्याच्यावर टेकून उभं राहतं. एकदम काढून घेतलं की असं होतं. सोडायचं तर पायरी पायरीनं सोडावं लागतं."

शालिनीताई रडत होत्या, पण रडता रडताच त्यांच्यातली ती जुनी बाई उठून उभी राहिली. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारायला कोणी आलं नाही."

"आणि तुम्ही सांगायला? तुम्हाला कोणी अडवलं होतं? माझं माणूस मुकं झालं होतं घरात. मूठ मूठ मीठ घातलं वरणात तरी खात होतं. हे काय बरं होणं झालं?"

शिवाजीराव घसा खाकरून म्हणाले, "शालिनीताई, डॉक्टरसाहेबांशी असं..."

"तुम्ही थांबा हो!" शालिनीताई म्हणाल्या, आणि शिवाजीराव थांबले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मिठाचं तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मी मात्रा कमी केली असती. पण तुमचंही खरं आहे. मी थोड्या दिवसांसाठी म्हणून लिहून दिलं होतं. हे येत राहिले, बरं वाटतं म्हणत राहिले, आणि मी देत राहिलो. मी त्यांना पुन्हा तपासलंच नाही. माझी चूक आहे." दरबारी घराण्यातला डॉक्टर चूक म्हणतो हे शालिनीताईंना नवीनच होतं. त्यांनी क्षणभर त्यावरही संशय घेतला, आणि मग सोडून दिला. त्या दिवशी त्यांनी पोटातले सगळे प्रश्न एकेक करून बाहेर काढले. गोळी कशाची, करते काय, किती दिवस, कमी कशी करायची, बिघडलं तर कळणार कसं. डॉक्टरांनी सगळ्याची उत्तरं दिली, जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाले. पहिल्यापासून एवढंच करायचं होतं, दोघांनीही.

बाटली शिवाजीरावांच्या कपाटात होती. शालिनीताई स्वतः गेल्या. "टोपलीत पडलेलं मागायचं नसतं," शिवाजीराव म्हणाले. "मागत नाही, नेतेय," शालिनीताई म्हणाल्या, "आणि मान खाली घालायची तर पुढच्या बैठकीत दोघं मिळून घालू." त्या वर्षी ती टोपली पुनरुत्थानाच्या रविवारच्या कितीतरी आधी उघडली. तंबाखूवाल्यांनी आशेनं चौकशी केली, पण त्यांची चंची काही सुटली नाही.

मग रोज गोळी शालिनीताईंच्या हातून जायची. पाणी, गोळी आणि दोन वाक्यांची प्रार्थना, देवा, जेवढी लागते तेवढीच लागू दे. दर पंधरवड्याला दोघं सप्र्यांकडे जायचे, आणि डॉक्टर थोडी थोडी कमी करायचे. एकदा घाईनं कमी झाली तर पुन्हा वाढवावी लागली, तेव्हा शालिनीताईंनी आदळआपट केली नाही. गुड फ्रायडेला ते गीत आलं. मधुसूदनराव पेटीवर नव्हते, बाकावर शेजारी बसले होते. डोळ्यांतून पाणी आलं नाही, पण त्यांनी ओळ चुकवली आणि बायकोचा हात धरला.

पुढे उन्हाळ्यात एका दुपारी ओसरीत वाळ्याचा पडदा भिजवून दोघं बसले होते, तेव्हा ते आपण होऊन बोलायला लागले. "भोपाळची भीती नव्हती मला, शालू. त्या थंडीत एकदा बैठकीत मला प्रार्थना करायला सांगितली होती, आठवतं? मी खोकला आला म्हणालो. खोकला नव्हता. प्रभूची प्रार्थना अर्ध्यात विसरलो मी. लहानपणापासून म्हणतोय ती. घसा बंद, छाती धडधड. वाटलं, देवानं सोडलं आपल्याला. मग रोज तीच धास्ती, पुन्हा सांगतील, पुन्हा अडेल."

"डॉक्टरला सांगितलंत," शालिनीताई म्हणाल्या. "मला का नाही?"

मधुसूदनरावांनी उठून पडद्यावर पाणी मारलं. "तू त्या सुनंदाला काय बोललीस ते मी ऐकलं होतं ना. भीतीला बाहेर काढ म्हणालीस. मला वाटलं, मी सांगितलं तर तू मलाच बाहेर काढशील."

जन्मभर शालिनीताईंनी दुधात पाणी शोधलं, भाजीत कीड शोधली, बाटलीत सैतान शोधला. नवरा ज्या भीतीनं त्या बाटलीकडे गेला ती त्यांच्याच तोंडून निघालेली होती. त्या उठल्या, चपला घातल्या आणि भर उन्हात सुनंदाच्या घरी गेल्या. तिथं दोघींत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. लीलाताईंनी खोदून खोदून विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "मी गेले होते ऐकायला. बोलले काही नाही."

पावसाळा सरता सरता भोपाळला जायचा दिवस आला. तोवर गोळी नावापुरती, पाव उरली होती. सामान बांधून झालं, क्वार्टर रिकामं झालं, पेटी पोत्यात शिवली. टांगा दारात उभा. मधुसूदनराव उंबऱ्याजवळच्या ट्रंकेवर बसले ते उठेनात. छातीवर हात. शालिनीताईंनी तो हात ओळखला.

"शालू," ते म्हणाले, "मला भीती वाटते गं."

पूर्वीच्या शालिनीताईंच्या जिभेवर वचन तयार असायचं. ते आलंही असेल ओठापर्यंत. निदान 'कशाची?' एवढा प्रश्न तरी. त्यांनी तो गिळला. ट्रंकेवर नवऱ्याला खेटून बसल्या.

"मला पण वाटते," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वाटते. सगळ्याचीच."

मधुसूदनरावांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पूर्वी पेटीवर यायचं तसं. शालिनीताईंनी ते पुसलं नाही, वाहू दिलं.

बाहेरून टांगेवाला ओरडला, "बाबूजी, गाड़ी छूट जाएगी!"

"रुको भैया," शालिनीताई ट्रंकेवरूनच म्हणाल्या, "अभी रो रहे हैं."